वकील चुकला, न्यायाधीश चुकला, तर दाद कुठे मागायची?

या अंकात वकील आणि न्यायाधीश यांच्या वर्तनाविषयी आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे, खटल्यांचे क्रमांक आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : आमच्या कुळागराच्या हद्दीचा दावा २०१९पासून चालू होता. वकील दर वेळी म्हणायचे, ‘तुम्ही यायची गरज नाही, मी बघतो.’ आता कळले की दोन महिन्यांपूर्वी तारखेला आमच्याकडून कोणीच हजर नव्हते आणि कोर्टाने दावा काढून टाकला. वकील फोन उचलत नाहीत. त्यांचा कारकून सांगतो, राहिलेले पस्तीस हजार भरा आणि फाइल न्या. ग्राहक मंचात तक्रार करता येईल का? — डिचोली

उत्तर : ग्राहक मंचाचा रस्ता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. पण तक्रारीचे नंतर पाहू. आधी दावा वाचवा, कारण त्याची मुदत सरत चालली आहे, किंबहुना सरली आहे.

उद्याच कोर्टाच्या कचेरीत जाऊन दोन गोष्टींच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा : दावा काढून टाकल्याचा हुकूम आणि पहिल्या तारखेपासूनचा पूर्ण रोजनामा. कोणत्या तारखेला कोण हजर होते, मुदत कोणी मागितली, कोर्टाने शेवटची संधी कधी दिली, हे सगळे रोजनाम्यात असते. पुढे वकिलांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या बार कौन्सिलपुढेही हाच कागद तुमच्या कामी येईल. सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हाताशी असेल तर ई-कोर्ट्स ॲपवर तारखा आणि बरेच हुकूम घरबसल्या दिसतात. तेवढ्यावर काम भागत नाही, तरी आजच्या आज अंदाज येतो.

त्या दिवशी प्रतिवादी हजर आणि तुम्ही गैरहजर अशी स्थिती असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ९ खाली दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज करावा लागतो. याच कारणावरून नवा दावा लावता येत नाही, म्हणून हा अर्ज चुकवून चालणार नाही. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर नियम ४ लागू होतो आणि मुदतीत असेल तर नवा दावाही लावता येतो. पुन्हा फाइलवर घेण्याच्या अर्जाची मुदत दावा काढून टाकल्यापासून ३० दिवस. तुमचे दोन महिने झाले आहेत, तेव्हा मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडा.

हे अर्ज कुठे फसतात तेही सांगतो. ‘वकिलाने फसवले’ एवढेच लिहून लोक थांबतात. मग कोर्ट विचारते, इतकी वर्षे तुम्ही काय करत होता? वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले. नंतरच्या निकालांनी मात्र पक्षकाराने स्वतःही चौकशी करत राहायला हवे, असे बजावले आहे. म्हणून अर्जात तारीखवार लिहा : कधी फोन केला, कधी ऑफिसात गेलात, काय उत्तर मिळाले, हुकूम कधी कळला. व्हॉट्सॲपवरचे ‘काळजी करू नका, पुढची तारीख पडली’ हे संदेश तारखेसह छापून जोडा. ज्या तारखेला वकील गैरहजर होता त्याच दिवसाचा असा संदेश असेल, तर तो आणि रोजनाम्याचे ते पान शेजारी ठेवा. अर्ज फेटाळला तर आदेश ४३ खाली अपील आहे.

आता फाइल. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही. आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे निःसंदिग्धपणे सांगितले आणि कागद परत न करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. फी खरोखर बाकी असेल तर वकिलाने दिवाणी दावा लावावा. तुमचे कागद त्याचे तारण नाहीत. फाइल मागणारे पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, त्यात कागदांची यादी द्या आणि सात-आठ दिवसांची मुदत घाला. ‘हिशेब पूर्ण मिटला, कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करून फाइल घेऊ नका. हा मजकूर नेमका याच वेळी पुढे केला जातो.

नवा वकील नेमताना जुन्याची ना-हरकत लागते, असे सगळे सांगतात. तो शिरस्ता आहे आणि पाळावा. पण ना-हरकत अडवून धरली तर आदेश ३, नियम ४ खाली कोर्टाच्या परवानगीने जुना वकालतनामा संपवता येतो. तेवढ्यासाठी पस्तीस हजार भरायची गरज नाही.

प्रश्न : वकिलाविरुद्ध तक्रार नेमकी कोणाकडे करायची? म्हापशाच्या वकील संघटनेला सांगितले तर चालेल का? मराठीत लिहिली तर घेतात का? निकाल किती दिवसांत लागतो? — पेडणे

उत्तर : तालुक्याची वा जिल्ह्याची वकील संघटना समजूत घालू शकते, आणि पुष्कळदा फाइल परत मिळवण्यापुरती तिची मदत खरोखर होते. सनदीवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर, मात्र तिचा अधिकार नाही. तो अधिकार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा. गोव्यातील वकिलांची नोंद याच कौन्सिलकडे असते आणि तिचे कार्यालय मुंबईत फोर्टला उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. तक्रार १९६१च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली करायची.

मराठी चालते. राज्यभाषा म्हणून घोषित झालेल्या प्रादेशिक भाषेत तक्रार घेण्याची तरतूद नियमांतच आहे. पोर्तुगीजमधले जुने कागद जोडत असाल तर त्यांचे भाषांतर सोबत द्या.

साधे पत्र किंवा ईमेल म्हणजे तक्रार नव्हे. तक्रार अर्जाच्या स्वरूपात हवी, खाली सही आणि दिवाणी दाव्याच्या अर्जाला असते तसे सत्यापन हवे, ठरलेली फी भरलेली हवी. यातले काही राहिले तर सचिव त्रुटी काढतात आणि तक्रार तिथेच पडून राहते. वकिलाचे पूर्ण नाव, पत्ता आणि शक्यतो सनद क्रमांक द्या. या कौन्सिलच्या क्रमांकाची सुरुवात ‘एमएएच’ या अक्षरांनी होते, मग आकडा आणि वर्ष येते. वकालतनाम्यावर तो बहुधा असतोच. मजकूर परिच्छेदांना क्रमांक देऊन लिहा आणि एका परिच्छेदात एकच घटना घाला : अमुक तारखेला अमुक रक्कम दिली, पुरावा जोडपत्र ३. विशेषणे गाळा. ‘लबाड’, ‘चोर’ या शब्दांनी तक्रारीचे वजन वाढत नाही, उलट वैयक्तिक सूड असल्याचा संशय येतो.

कौन्सिल आधी वकिलाचे म्हणणे मागवू शकते. गैरवर्तन झाले असे मानायला सकृद्दर्शनी कारण आहे असे वाटले, तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते. समिती तिघांची असते : दोघे कौन्सिलचे सदस्य, एक बाहेरचा वकील. चौकशीची तारीख, वेळ आणि जागा समितीचा अध्यक्ष ठरवतो. काणकोण किंवा पेडण्याहून मुंबईला खेपा घालणे परवडत नसेल तर तसे कारण देऊन सोयीच्या जागेची लेखी विनंती करा. साक्षीदाराला बोलावणे, शपथेवर जबानी घेणे, कागद हजर करायला लावणे, हे दिवाणी कोर्टाचे अधिकार समितीला असतात. उलटतपासणी होते. तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता किंवा वकील देऊ शकता.

पुराव्याची कसोटी कडक आहे, जवळजवळ फौजदारी खटल्याइतकी, कारण प्रश्न माणसाच्या रोजीरोटीचा असतो. ‘रोख दिले, पावती घेतली नाही’ या वाक्याशी पुष्कळ खऱ्या तक्रारी अडकतात. म्हणून पहिल्या दिवसापासून फी यूपीआयने किंवा चेकने द्या. रोख दिलीच तर त्याच संध्याकाळी ‘आज इतके दिले’ असा संदेश पाठवून ठेवा. वकिलाने पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे आणि मागितल्यावर त्याची प्रत देणे बंधनकारक आहे. तो लेखी मागा. उत्तर आले नाही, तर ते न येणेही तक्रारीत लिहिता येते.

निकालाला कायद्याने एक वर्ष दिले आहे. कलम ३६-ब नुसार तेवढ्यात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला भारतीय विधिज्ञ परिषदेकडे (बार कौन्सिल ऑफ इंडिया) वर्ग होते. वर्ष उलटून गेले तरी लोक मुंबईहून पत्र येण्याची वाट पाहत बसतात. तसे बसू नका, वर्ग करण्याची लेखी मागणी करा. समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, ठरावीक काळ सनद निलंबित करू शकते किंवा नाव कायमचे काढून टाकू शकते. निकाल कळल्यापासून ६० दिवसांत भारतीय विधिज्ञ परिषदेकडे आणि तिथून पुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. तक्रारदार म्हणून तुम्हालाही हा हक्क आहे.

दोन गोष्टी तक्रारीआधीच समजून घ्या. एक म्हणजे तुमचे पैसे परत मिळवून देणे हे समितीचे काम नव्हे. त्यासाठी तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो आणि तुमचे पैसे वकिलाने गिळंकृत केले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली पोलिसांत तक्रार करता येते. या वाटा वेगवेगळ्या आहेत, एकीवर चाललात म्हणून दुसरीची मुदत थांबत नाही. दुसरे म्हणजे, एकदा केलेली तक्रार तडजोड झाली म्हणून आपोआप मिटत नाही. तक्रारदाराने माघार घेतली एवढ्याच कारणावरून प्रकरण बंद करता येत नाही, असे नियम सांगतात. फी परत मिळवण्यासाठी दबाव म्हणून तक्रार करायची आणि मग मागे घ्यायची, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाविरुद्ध तक्रार करण्याचा मोह आवरा. त्याने तुम्हाला उलटतपासणीत घाम फोडला, हे त्याचे कामच आहे. जिथे तक्रारदार त्या वकिलाचा पक्षकारच नव्हता अशा एका प्रकरणात तक्रार चालवली म्हणून २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच बार कौन्सिलला ५०,००० रुपयांचा खर्च लावला. त्याने खोटा दस्त केला किंवा तुमच्या वकिलाला वगळून परस्पर तुमच्याशी तडजोड बोलला, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : नवऱ्याचा महामार्गावर अपघातात मृत्यू झाला. भरपाईचा दावा चालवायला वकील मिळाले. आधी काही द्यायचे नाही, मिळेल त्यातले वीस टक्के द्यायचे, असे ठरले आहे. आता ते दोन कोरे चेक सही करून मागतात. — मडगाव

उत्तर : कोरे चेक देऊ नका. दिले असतील तर बँकेला लेखी सूचना देऊन ते थांबवा आणि वकिलाला तसे कळवा.

निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे भारतातल्या वकिलाला मनाई आहे. विधिज्ञ परिषदेच्या आचारसंहितेचा नियम २० तेच सांगतो. डिसेंबर २०१७मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा सरकार हा निकाल आला, तो तुमच्यासारखाच होता : अपघात भरपाई, टक्केवारी, फीपोटी घेतलेला चेक आणि चेक वटला नाही म्हणून वकिलाने लावलेला फौजदारी खटला. सर्वोच्च न्यायालयाने तो खटलाच रद्द केला आणि अशी टक्केवारी मागणे हे गैरवर्तन असल्याचे म्हटले.

वकिलाला त्याच्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत. ठरावीक आकडा लेखी ठरवा, हप्ते पाडून घ्या. भरपाईची रक्कम थेट तुमच्या खात्यात जमा करावी, अशी विनंती लवादाकडे करा. शिवाय महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. प्राधिकरणाने नेमलेला वकील वेगळी फी मागू शकत नाही. मागितली तर त्याच प्राधिकरणाच्या सचिवांना लगेच लेखी कळवा.

प्रश्न : वडिलांच्या मागे आम्हा चार भावंडांची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा वाटून घेण्याचे कोर्टातले प्रकरण, एकाच वकिलाने दाखल केली. मी आखातात असल्याने त्यांच्याच नावे मुखत्यारपत्र करून दिले. आता ते थोरल्या भावाच्या बाजूने बोलतात आणि माझा वाटा विकत घ्यायला एक गिऱ्हाईकही त्यांनीच आणले आहे. त्यात त्यांची दलाली आहे, असे कळते. — फोंडा

उत्तर : गोव्यात हा प्रकार वारंवार दिसतो आणि त्याची सुरुवात सहसा चांगल्या हेतूनेच होते. भावंडांत भांडण नसते, तेव्हा एका वकिलाने सगळ्यांचे काम पाहणे स्वस्त आणि सोपे पडते. अडचण येते ती मालमत्तेची किंमत ठरवताना आणि वारसांच्या आपसातल्या लिलावात. तिथे एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा. त्या क्षणी वकिलाने सर्वांना तसे स्पष्ट सांगून बाजूला व्हायला हवे. ज्याने तुमची कैफियत लिहिली तो त्याच प्रकरणात तुमच्याविरुद्ध उभा राहू शकत नाही, हा नियम ३३. प्रकरणात त्याचे कोणाशी काही नाते वा स्वारस्य असेल तर ते सुरुवातीलाच उघड करणे, हा नियम १४.

दलालीचे म्हणणे खरे असेल तर ते स्वतंत्र गैरवर्तन आहे. वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही आणि जमिनीची दलाली हा धंदाच. आणि गिऱ्हाईक म्हणजे त्याचाच माणूस निघाला, तर प्रकरण आणखी गंभीर. पी. डी. गुप्ता यांच्या प्रकरणात वकिलाने पक्षकाराकडून वादातलीच मालमत्ता विकत घेतली होती. त्याची सनद वर्षभर निलंबित झाली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली.

तुम्ही आज करायची गोष्ट म्हणजे मुखत्यारपत्र रद्द करणे. तिथल्या भारतीय दूतावासात रद्दपत्रावर सही करा. ते गोव्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा. प्रत वकिलाला, भावंडांना, इन्व्हेंटरी चालू असलेल्या कोर्टाला आणि मालमत्ता ज्या तालुक्यात आहे तिथल्या उपनिबंधकाला द्या. उपनिबंधकाची प्रत सगळ्यात महत्त्वाची. रद्दपत्र घरात पडून राहिले आणि मधल्या काळात विक्रीखत नोंदले गेले, असे घडते आणि मग ते रद्द करायला वेगळा दावा लावावा लागतो. तुमचा विवाह गोव्याच्या कायद्याप्रमाणे मालमत्तेच्या सामाईकीचा असेल, तर तुमच्या वाट्याच्या विक्रीला पत्नीचीही संमती लागते. तिने कोणाला मुखत्यारपत्र दिले आहे का, तेही तपासा. पुढच्या वेळी मुखत्यार वेगळा आणि वकील वेगळा ठेवा. एकाच माणसाने त्याच प्रकरणात दोन्ही होणे न्यायालयांनी अमान्य केले आहे.

प्रश्न : जामिनासाठी वकील म्हणतात, ‘माझी फी वेगळी आणि वर द्यायचे वेगळे.’ वर म्हणजे न्यायाधीशांना, असे त्यांनी सुचवले. खरे असेल का? दिले नाही तर मुलगा आतच राहील, ही भीती वाटते. — वास्को

उत्तर : तुमची भीती समजते आणि तिचाच इथे व्यापार होतो. असे पैसे बहुतेक वेळा न्यायाधीशापर्यंत जातच नाहीत. जामीन मिळण्यासारखा असतो, तो मिळतो आणि श्रेय पाकिटाला जाते. मिळाला नाही तर ‘साहेब बदलले’ असे सांगतात.

खरे असो वा खोटे, मागणी हाच गुन्हा आहे. सरकारी सेवकावर भ्रष्ट मार्गाने किंवा वैयक्तिक वजन वापरून प्रभाव टाकतो असे सांगून पैसे घेणे, यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७-अ मध्ये किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. बार कौन्सिलच्या नजरेतही याहून मोठे गैरवर्तन नाही. शंभू राम यादव यांच्या तक्रारीत एका वकिलाने पक्षकाराला पत्र लिहून न्यायाधीशासाठी १०,००० रुपये मागितले होते. पुनर्विचारात त्याला नुसती समज देऊन सोडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ते फिरवले आणि त्याला वकिलीतून कायमचे बाहेर काढणारा मूळ आदेश पुन्हा लागू केला. लाच दिली गेली की नाही, हा प्रश्न त्यात आलाच नाही.

तुमच्या बाजूने पाहायचे तर लाच देणाराही गुन्हेगार असतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे. आठव्या दिवशी ते राहत नाही. देण्याआधीच कळवले तर सर्वांत उत्तम. पणजीतील दक्षता खात्याच्या भ्रष्टाचारविरोधी शाखेकडे जा, फोनवरचे संदेश पुसू नका आणि वकिलाला ‘तक्रार करतो’ असे आधी सांगू नका. जामीन अर्जासाठी त्याच दिवशी दुसरा वकील बघा. कोर्टाच्या आवारात ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालांकडून मात्र तो घेऊ नका. अशा दलालांची यादी लावून त्यांना आवारातून बाहेर ठेवण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना आहे.

प्रश्न : आमचे न्यायाधीश आणि विरुद्ध बाजूचे वकील एकाच गावचे. एका लग्नात दोघे बोलताना दिसले. आमचा मनाई हुकमाचा अर्ज फेटाळला, दुसऱ्या एका दाव्यात युक्तिवाद संपून चार महिने झाले तरी निकाल नाही. फेसबुकवर सगळे मांडावे असे मुलगा म्हणतो. — वाळपई

उत्तर : मुलाला थांबवा. तुमच्या पत्रात चार वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

मनाई हुकूम नाकारला, यावर उपाय अपील. जिल्हा न्यायालयात मुदत ३० दिवस. चुकीचा हुकूम म्हणजे गैरवर्तन नव्हे. केवळ हुकूम चुकला म्हणून न्यायाधीशावर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये, त्यामागे बाहेरचे कारण दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कृष्णप्रसाद वर्मा यांच्या प्रकरणात सांगितले. हे संरक्षण पक्षकाराच्याही हिताचे आहे. तक्रारीच्या धाकाने निकाल देणारा न्यायाधीश नेहमी बलवान पक्षाकडे झुकेल.

एक गाव आणि एक लग्न, यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. गोवा एवढासा, एखाद्या लग्नात अर्धे कोर्ट भेटते. नाते असेल तर मात्र नियम कडक आहे : वडील, मुलगा, भाऊ, काका-मामा, पुतण्या-भाचा, चुलत-मावस भाऊ, पती-पत्नी, सासरा, जावई, मेहुणा अशा नात्यातल्या न्यायाधीशापुढे वकिलाला उभेच राहता येत नाही. आणि चालू खटल्याविषयी न्यायाधीशाशी खासगीत बोलणे वकिलाला निषिद्ध आहे. नाते कागदावर दाखवता आले किंवा रास्त भीती वाटावी असे ठोस काही असले, तर दिवाणी संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायालयाकडे दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज करा. न्यायाधीश जिल्हा दर्जाचे असतील तर तोच अर्ज पर्वरीला उच्च न्यायालयात करावा लागतो. फौजदारी प्रकरणाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ४४७ आणि ४४८ आहेत.

निकाल राखून ठेवण्याविषयी आदेश २०, नियम १ सांगतो : शक्यतो ३० दिवस, अपवादाने ६०. चार महिने झाले असतील तर त्याच कोर्टात ‘निकाल जाहीर व्हावा’ असा साधा, सभ्य अर्ज वकिलामार्फत द्या. बहुतेक वेळा तेवढ्याने हलते. न हलल्यास प्रधान जिल्हा न्यायाधीशांना प्रतींसह लिहा.

खऱ्या गैरवर्तनाची, म्हणजे पैसे मागणे, एका पक्षकाराला चेंबरमध्ये एकटे भेटणे, नात्यातल्याचा खटला चालवणे, शिवीगाळ करणे अशी तक्रार असेल, तर ती उच्च न्यायालयाकडे करायची. संविधानाच्या अनुच्छेद २३५ने जिल्हा आणि त्याखालच्या न्यायाधीशांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाला दिले आहे. गोवा सरकार, आमदार किंवा बार कौन्सिल यांचा इथे संबंध नाही. रजिस्ट्रार जनरलच्या नावे लिहा, सोबत शपथेवरचे प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येतील असे कागद जोडा. सरन्यायाधीशांच्या ३ ऑक्टोबर २०१४च्या सूचनेनुसार प्रतिज्ञापत्राशिवाय आणि पुराव्याशिवाय आलेल्या तक्रारीवर कारवाई होत नाही. निनावी पत्रे लिहून वेळ घालवू नका.

फेसबुकबद्दल सांगायचे तर न्यायालय अवमान कायद्याचे कलम ६ वाचा. खालच्या न्यायाधीशाविषयी सद्भावनेने केलेले विधान अवमान ठरत नाही, पण ते उच्च न्यायालयाला किंवा दुसऱ्या दुय्यम न्यायालयाला उद्देशून केले असेल तरच. तोच मजकूर जसाच्या तसा समाजमाध्यमांवर टाकला की हे संरक्षण जाते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर्तमानपत्राला किंवा मंत्र्याला प्रत पाठवणेही त्यामुळे टाळा.

प्रश्न : आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध तक्रार असेल तर? — पणजी, कायद्याचा विद्यार्थी

उत्तर : दोन मार्ग. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९९९ रोजी स्वीकारलेली अंतर्गत कार्यपद्धती हा पहिला. तक्रार त्या उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे किंवा भारताच्या सरन्यायाधीशांकडे जाते. तथ्य दिसले तर न्यायाधीशांचीच तीन जणांची समिती चौकशी करते. तिच्या अहवालावरून सरन्यायाधीश राजीनाम्याचा सल्ला देऊ शकतात, काम काढून घ्यायला सांगू शकतात, पदावरून काढू शकत नाहीत. ते फक्त संसद करू शकते, हा दुसरा मार्ग : लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सहीचा प्रस्ताव, १९६८च्या न्यायाधीश (चौकशी) कायद्याखाली चौकशी आणि दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. १९९३ साली लोकसभेत न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव पडला. २०११ साली न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेने संमत केला आणि लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. समज देणे, निलंबन अशा मधल्या शिक्षा कायद्यात नाहीत, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे आणि ती भरून काढायलाच हवी.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळलेली असताना तिच्या नावाच्या प्रतिज्ञापत्रावर नोटरीने शिक्का मारला. ती तिथे गेलीच नव्हती. — सांखळी

उत्तर : नोटरीला एक नोंदवही ठेवावी लागते. त्या दस्ताचा अनुक्रमांक शिक्क्याजवळ असतो. तो टिपून घ्या आणि त्या नोंदीची प्रत मागा. नोंदवहीत आईची सही आहे का आणि ती कशी आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून. त्या तारखेचे डॉक्टरांचे किंवा इस्पितळाचे कागद जोडा. नोटरी गोवा सरकारने नेमलेला असेल तर तक्रार राज्याच्या कायदा खात्याकडे, केंद्राने नेमलेला असेल तर दिल्लीला केंद्रीय कायदा मंत्रालयाकडे करायची; शिक्क्यावर कोणाची नेमणूक ते लिहिलेले असते. तक्रार नोटरी नियमांतल्या ठरलेल्या नमुन्यात द्यावी लागते. गैरवर्तन सिद्ध झाले तर सरकारकडच्या नोटरींच्या यादीतून नाव काढले जाऊ शकते. तो नोटरी वकीलही असेल तर याच कागदांवर बार कौन्सिलकडे वेगळी तक्रार करता येते. आणि ते प्रतिज्ञापत्र ज्या कोर्टात किंवा मामलेदाराकडे वापरले असेल, तिथे आईच्या वतीने हरकत आजच नोंदवा.